वहिनीची खोटी सुई

आमच्या वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मी तिला गेली तीस वर्षं तोंडावर सांगत आलोय, त्यामुळे इथे लिहायला मला भीती नाही. शेजारच्यांची सून माहेरी का गेली, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दात कधी बसवले, माझं लग्न पहिल्या वेळी कशामुळे मोडलं, हे सगळं गल्लीला तिच्याकडूनच कळलं. अशा बाईला चौदा महिने तोंड बंद ठेवून काम करायला लागलं आणि तिने ते करून दाखवलं, ही गोष्ट मी सांगितली नाही तर कोण सांगणार? दादा तर सांगणार नाही. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा. तो सुतार आहे आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो. बाकीची ती वापरते.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. ती तेव्हा नुकतीच मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून लागली होती. घरात शिरल्यापासून मला ‘अहो भावजी’ म्हणायची. अकरा वर्षांच्या पोराला ‘अहो’! मी तिला ‘तू’ म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

लग्नाला महिना झाला नसेल, दादाच्या कामाच्या शेडमध्ये माझ्या पायात खिळा घुसला. इंजेक्शन घ्यायला मला तिच्याच वॉर्डात नेलं. सुईच्या बाबतीत माझा सगळ्या सिस्टरांवर राग होता. ‘झालं हं, झालं, झालंच’ असं म्हणत म्हणत त्या टोचायच्या. म्हणजे झालेलं काहीच नसायचं. मी डोळे मिटून, दात आवळून बसलो आणि त्या खोट्या ‘झालं’ची वाट बघू लागलो. ते आलंच नाही. दंडात बारीकशी कळ आली, गेली, आणि मग वहिनी म्हणाली, “झालं.”

मी डोळे उघडले तर खरंच झालेलं होतं. सुई ट्रेमध्ये पडलेली.

“आधी का नाही म्हणालीस?” मी विचारलं.

“आधी कसं म्हणू? झालं नव्हतं ना, भावजी.”

त्या दिवसापासून मी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि माझ्यासारखे वॉर्डातले शेकडो लोक ठेवायला लागले. ती वाट्टेल त्या विषयावर बोलायची, पण सुई आत गेल्याशिवाय ‘झालं’ म्हणायची नाही. लहान पोरं तर तिच्या त्या एका शब्दाची वाट बघत शांत पडून राहायची.

बारा वर्षं ती वॉर्डात होती. मग एक म्हातारे डॉक्टर परदेशातून ॲक्युपंक्चर शिकून आले आणि इस्पितळाने त्यांना नऊ नंबरची खोली दिली. लिफ्टशेजारची, एक खिडकी, दोन खाटा, एक बेसिन. त्यांना मदतीला नर्स हवी होती. कुणी जायला तयार नव्हतं; केसासारख्या बारीक सुया टोचत बसायचं हे काही नोकरीचं काम आहे का? मेट्रनने वहिनीला पाठवलं. कारण विचाराल तर, वॉर्डात फार बोलते म्हणून. वहिनी हे कारण अजून अभिमानाने सांगते.

दोन वर्षं तिने रीतसर शिकून परीक्षा दिली. सराव साबणाच्या वडीवर करायची. त्या काळात आमच्या घरातल्या प्रत्येक साबणाला भोकं असायची आणि अंघोळीच्या वेळी फेसाऐवजी साबणाचे तुकडे हातात यायचे. साबणानंतर तिने स्वतःचे पाय टोचले, मग दादाचे, मग माझे. दादाच्या हातांवर इतके घट्टे आहेत की त्याला काही कळायचंच नाही. सगळी कळ माझ्या वाट्याला.

डॉक्टर निवृत्त झाले आणि खोली वहिनीकडे आली. भूल देणाऱ्या विभागाच्या डॉक्टरीणबाई तिच्यावर देखरेख करायच्या. दादाने दारावर लावायला फळी रंधून, रंगवून दिली. तिच्यावर चौदा दुखणी लिहिलेली: कंबर, गुडघा, मान, अर्धशिशी, दमा, झोप न येणं, सिगारेट न सुटणं, आणि सर्वांत खाली ‘ऑपरेशननंतरची ओकारी’. चौदाच्या चौदा वाचून मला हसू यायचं. मी त्याच इस्पितळात आकडेवारीच्या टेबलावर बसतो. किती आले, किती बरे झाले, किती गेले, हे मांडणं माझं काम. बरं वाटलं म्हणणारे लोक मी रोज बघतो. त्यातले निम्मे काही न करताही बरे होतात.

“तुझ्या सुईने नाही, तुझ्या जिभेने लोक बरे होतात,” मी तिला म्हणायचो. “अर्धा तास कुणीतरी आपलं ऐकतंय, हात हातात घेऊन बोलतंय, म्हटल्यावर दगडाचीही कंबर दुखायची राहील.”

“मग राहू दे ना,” ती म्हणायची. “तुमचं काय दुखतंय त्यात?”

माझं काही दुखत नव्हतं. पण वहिनी नऊ नंबरात गेल्यावर एकोणीस वर्षांनी नवे अधीक्षक आले आणि त्यांना दुखायला लागलं. इस्पितळाला संगणकांची मोठी कपाटं ठेवायला थंड, कोपऱ्यातली खोली हवी होती. साहेब नऊ नंबरात आले, फळी वाचली, दोन खाटा बघितल्या आणि म्हणाले, “या टाचण्यांचा काही उपयोग होतो याला पुरावा काय?”

वहिनीने आभाराची वही पुढे केली. जाड, तिसरी वही होती ती. साहेबांनी दोन पानं चाळली.

“बाई, आभार म्हणजे पुरावा नव्हे.”

मी तिथे फाइल घेऊन उभा होतो. मनातल्या मनात मी साहेबांच्या बाजूने होतो, हे कबूल करतो. पण त्यांनी पुढचं वाक्य बोलल्यावर माझं मन फिरलं. खोली वर्षअखेर रिकामी करायची आणि वहिनीने निवृत्तीपर्यंतची चार वर्षं कपड्यांच्या भांडारात काढायची. चादरी मोजायच्या. तिथे दिवसभर बोलायला कोण, तर इस्त्रीचं मशीन.

त्या वेळी डॉक्टरीणबाई पुढे आल्या. बुटक्या, घाईघाईने चालणाऱ्या, कायम चष्मा शोधणाऱ्या. “साहेब, तुम्ही प्रश्न बरोबर विचारलात,” त्या म्हणाल्या, “तर मग उत्तरही नीट शोधू या. फळीवरची चौदा दुखणी एकदम नको. एकच घेऊ. ऑपरेशननंतरची ओकारी. त्यात वादाला जागा नाही. बाई ओकली किंवा नाही ओकली. यावर इतर ठिकाणीही अभ्यास झालेत, आशा आहे. आपल्याकडे काय होतं ते बघू. उपयोग दिसला तर खोली ठेवा. नाही दिसला तर मी स्वतः खाटा उचलायला येईन.”

साहेबांनी हो म्हटलं. वहिनी तर आनंदाने नाचायचीच बाकी होती. तिला वाटलं, आता जगाला कळेल.

चाचणी अशी होती. पित्ताशयाचं किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन असलेल्या बायकांना आधी सगळं समजावून त्यांची सही घ्यायची. मग ऑपरेशनआधी मनगटावर वीस मिनिटं सुई. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मूठ आवळली की दोन दोऱ्या उठून दिसतात त्यांच्या मधोमध. आणि बोटं मोजायची ती पेशंटची, आपली नाहीत. लहान बाईच्या हातावर आपली तीन बोटं लावली तर जागाच चुकते. अर्ध्या बायकांना खरी सुई. अर्ध्यांना खोटी. खोटी सुई नाटकातल्या सुऱ्यासारखी असते. टोक बोथट, दाबली की पातं मुठीत सरकतं, कातडीत काही जात नाही. दोन्ही सुया प्लास्टरच्या एका छोट्या कडीत उभ्या राहतात, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्यांवर ठरलेलं. चिठ्ठ्या जाड बंद पाकिटांत, नंबर टाकून. पाकीट वहिनीने पडद्याआड खाटेजवळ फोडायचं. पेशंटला माहीत नाही, ओकाऱ्या मोजणाऱ्या सिस्टरांना माहीत नाही, डॉक्टरीणबाईंना माहीत नाही. माझ्याकडे आकडे यायचे तेही ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुणेने. त्या सगळ्या कारभारात एकट्या वहिनीला ठाऊक. आमच्या वहिनीला! मी तेव्हाच म्हटलं होतं, उंदराच्या हाती धान्याच्या किल्ल्या.

पण ती चोख वागली. घरी अवाक्षर काढलं नाही. मी मुद्दाम खोचक प्रश्न विचारायचो, ती भाजी चिरत राहायची.

एकशेवीस बायका करायच्या होत्या. साधारण अर्ध्यावर एकदा आकडे उघडून बघायचे, सुयांमुळे कुणाला अपाय तर होत नाही ना, हे आधीच ठरलं होतं. बासष्टाव्या बाईनंतर मीटिंग झाली. साहेबांनी कागद हातात घेतला आणि, जे करायला नको होतं ते केलं: वहिनीसमोर मोठ्याने वाचला. खरी सुई मिळालेल्या एकतीस जणींपैकी आठ ओकल्या. खोटी मिळालेल्या एकतीस जणींपैकी वीस.

आठ आणि वीस! माझ्या टेबलावर असा फरक वर्षातून एकदा दिसत नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे पुढेही असंच राहिलं तर कपाटांसाठी दुसरी खोली बघावी लागेल,” ते म्हणाले. वहिनी घरी येताना सबंध रस्ताभर बोलत होती. मीही तिची माफी मागितली. जिभेचा काही संबंध नाही, सुईच खरी, असं मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाके काढायला आलेली एक पेशंट नऊ नंबरात डोकावली. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाई होत्या. स्वभावही तसाच, फूटपट्टीने आखलेला. मी तिथे त्या आठवड्याचे कागद न्यायला गेलो होतो.

“सिस्टर, एक विचारायचं होतं,” त्या दारातच उभ्या राहिल्या. “माझं काही चुकलं होतं का?”

“अहो, तुमचं काय चुकणार?”

“नाही, आमच्या वॉर्डात त्या दिवशी आम्ही सहा जणी. पडद्यामुळे दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तुम्ही चौघींना सुई टोचल्यावर ‘झालं’ म्हणालात. मला आणि कोपऱ्यातल्या बाईंना म्हणाला नाहीत. मी वाट बघत राहिले. मग आम्ही दोघी त्यावरून बोललोही, की बहुतेक आपल्याला ती खोटीच मिळाली.” मग जरा हसून म्हणाल्या, “आणि ओकलोही आम्ही दोघीच. पण ते जाऊ दे. तुम्ही सगळ्यांना म्हणता, मग मला का नाही म्हणालात, एवढंच मनाला लागलं.”

त्या गेल्या. वहिनी स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

“भावजी,” ती म्हणाली, “मी खोट्या सुईला ‘झालं’ म्हणालेच नाही. एकदाही नाही. मला कळलंसुद्धा नाही.”

कळणार कसं? तीस वर्षं जी जीभ काही झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नव्हती, तिला पातं मुठीत सरकल्यावर शब्द फुटेना. वहिनीच्या इमानाने चाचणीचा घात केला होता. जिला ‘झालं’ ऐकू आलं ती निर्धास्त होऊन ऑपरेशनला गेली. जिला नाही आलं ती धास्तावून. आठ आणि वीस यांत सुई किती आणि जीभ किती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

आता मी जे बोललो ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी दार लोटलं आणि म्हणालो, “वहिनी, कुणी विचारलंय का? त्या बाई घरी गेल्या. उरलेल्या अठ्ठावन्न जणींशी तू सारखं वाग, सगळ्यांना म्हण किंवा कुणालाच म्हणू नको. खोली वाचते आहे. तोंड उघडलंस तर बासष्ट बायकांचं काम पाण्यात, आणि साहेब तर टपलेलेच आहेत. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

आयुष्यभर आकडे सांभाळणारा माणूस मी. आणि खोटा आकडा चालवून घ्या म्हणत होतो. कारण मला ती चादरी मोजताना दिसत होती.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “तुमच्या पायात खिळा गेला होता तेव्हा तुम्ही विचारलं होतं ना, आधी का नाही म्हणालीस? मग आता कसं म्हणू, भावजी? झालंय का?”

ती उठली आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

तिथे काय बोलणं झालं ते मला तिच्याकडून अक्षरशः सतरा वेळा ऐकायला मिळालं आहे. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला, मग बासष्ट जणींचे सगळे कागद एका खोक्यात भरले आणि वर लिहिलं: ‘रद्द. कारण: सुई देणारीच्या बोलण्यातून सुई ओळखू येत होती.’ त्या वहिनीवर चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नसतं तर मी हे छापलं असतं. आणि पुढे कुणीतरी तेच करून बघितलं असतं, तर माझं हसं झालं असतं.”

साहेब मात्र चिडले. त्यांनी जास्तीची मुदत द्यायला नकार दिला. तेव्हा डॉक्टरीणबाई, त्या बुटक्या बाई, टेबलावर हात टेकून म्हणाल्या, “साहेब, या इस्पितळात आजवर स्वतःच्या फायद्याचा आकडा किती जणांनी स्वतःहून फेकून दिला? एक नाव सांगा. मी आत्ता खाटा उचलते.” साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मुदत मिळाली, पण त्यांनी बजावलं, ही शेवटची. आणि या वेळी एकशेवीस नव्हे, दोनशे बायका. फरक लहान असेल तर तो थोड्या बायकांत दिसणार नाही.

आता प्रश्न जिभेचा. वहिनी ठरवून गप्प बसू शकेल यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास नव्हता, तिचा स्वतःचाही नाही. जेवताना दादाने त्या दिवसाचं विसावं वाक्य उच्चारलं.

“मी खिळे ठोकताना तोंडात खिळे धरतो. तू लिमलेटची गोळी धर.”

झालं, तोडगा सापडला. दादाने तीस वर्षं जे मौन पाळलं होतं त्याचं रहस्यही मला त्याच वेळी कळलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळीला मंजुरी दिली, वर मास्क घालायला लावला, आणि म्हणाल्या, “तोंड बांधलं, पण हात आणि डोळेही बोलतात. आधी घरी सराव करा.” मग आमच्या घरी तीन आठवडे रोज संध्याकाळी परीक्षा. टेबलावर दादाचा हात आणि माझा हात. वहिनी गालात गोळी धरून, मास्क लावून सुई द्यायची, आम्ही खरी की खोटी ते सांगायचं आणि मी लिहून ठेवायचं. पहिल्या आठवड्यात मी तिला दहांत नऊ वेळा पकडलं. खोटी सुई दाबताना तिचा श्वास अडकायचा. दुसऱ्या आठवड्यात दहांत सात; आता तिच्या डाव्या भुवईने चुगली केली. तिसऱ्या आठवड्यात पाच. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच. दादा पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी ‘खरी’ म्हणत होता, कारण घट्ट्यांमुळे त्याला काहीच कळत नव्हतं आणि बायकोला वाईट वाटायला नको होतं.

मग चौदा महिने. लिमलेटच्या गोळ्यांचे डबेच्या डबे संपले. तिच्या एका दाढेत चांदी भरावी लागली. पेशंट तक्रार करायच्या की सिस्टर फार तुसड्या आहेत, काही बोलत नाहीत. आमच्या वहिनीबद्दल कुणी असं म्हणेल हे मी स्वप्नातही ऐकलं नसतं. ती मुकाट्याने पाकीट फोडायची, पेशंटची तीन बोटं मोजायची, सुई उभी करायची, घड्याळ लावायची आणि पुढच्या पडद्याआड जायची. दिवसभराचं तुंबलेलं बोलणं संध्याकाळी आमच्या घरावर कोसळायचं. आम्ही तेही सोसलं. ऑपरेशननंतर सिस्टर प्रत्येकीला आणखी एक प्रश्न विचारायच्या: तुम्हाला कोणती सुई मिळाली असं वाटतं?

निकालाच्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. वहिनी, डॉक्टरीणबाई, साहेब आणि कागद घेऊन मी. वहिनीचे हात मांडीवर घट्ट आवळलेले. या वेळी कागद मी वाचायचा होता. ‘अ’ म्हणजे काय आणि ‘ब’ म्हणजे काय, ते पाकीट डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर फोडलं.

“खोटी सुई, शंभर जणी. ओकल्या बावन्न,” मी वाचलं. “खरी सुई, शंभर जणी. ओकल्या चौतीस.”

मी हिशेब पुन्हा पुन्हा करून बघितलेला होता. नुसत्या योगायोगाने एवढा फरक शंभरातून एकदाच पडावा, इतपत पक्का होता तो.

“आणखी एक आहे,” मी म्हणालो. “कोणती सुई मिळाली ते ओळखा, या प्रश्नाचं बरोबर उत्तर दोनशेपैकी सत्त्याण्णव जणींनी दिलं.”

ओकारीच्या आकड्यावर वहिनी शांत होती. हे ऐकल्यावर तिने तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली, हसायलाही लागली. दोनशे बायकांना ती ओळखू आली नव्हती. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तिच्या तोंडात चौदा महिने गोळी विरघळली होती.

साहेबांनी कागद माझ्याकडून घेतला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त शंकेखोर होते. “पहिल्या खेपेला फरक केवढा मोठा होता,” ते म्हणाले. “हा लहान दिसतोय.”

“लहान आहे,” वहिनी डोळे पुसत म्हणाली, “पण त्यात माझी जीभ नाही, साहेब. नुसती सुई आहे.”

मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, सरकारी माणूस आहे. पण डॉक्टरीणबाईंनी वाजवल्या. एकट्यांनीच, जोरात, आणि चष्मा खाली पडला.

खोली राहिली. संगणकांची कपाटं जिन्याखाली गेली. डॉक्टरीणबाईंनी तो अभ्यास छापला, त्यात वहिनीचं नाव आहे आणि रद्द केलेल्या बासष्ट जणींची हकिगतही आहे. दादाने त्या पानाला चौकट करून दिली. इंग्रजी त्याला येत नाही, पण बायकोचं नाव कुठे आहे ते तो बोट ठेवून दाखवतो.

लोकांना वाटलं, आता वहिनी हवेत जाणार. तिने काय करावं? तिने दादाकडून फळी घासून घेतली आणि नवी अक्षरं काढायला लावली. वर एकच ओळ: ‘ऑपरेशननंतरची ओकारी. औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही.’ आणि खाली बारीक अक्षरांत: ‘बाकी दुखण्यांचं आम्हाला खात्रीने माहीत नाही. आधी डॉक्टरांना दाखवून या.’ मी म्हटलं, अगं, तेरा दुखणी एका रात्रीत पुसलीस? ती म्हणाली, “कंबरेच्या अभ्यासांत खरी सुई खोटीच्या जेमतेम पुढे असते, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं मला. अंगातून शक्ती वाहून नेणाऱ्या नाड्या-बिड्या मला शिकवल्या होत्या, त्या कुणाला शरीर कापून सापडल्या नाहीत. ओकारी का थांबते तेही कुणाला नीट सांगता येत नाही. थांबते एवढं मी मोजलंय. जे मोजलंय ते लिहीन.” हे माझं बोलणं होतं, बरं का. इतकी वर्षं मी तिला हेच सांगत होतो आणि ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. आता तेच तिच्या तोंडून ऐकताना मला गप्प बसावं लागलं.

गेल्या महिन्यात अधीक्षक साहेबांच्या पित्ताशयात खडे निघाले. आधीच्या एका ऑपरेशननंतर ते दोन दिवस ओकत होते, त्यामुळे पाचावर धारण बसलेली. ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांच्या सहीचे कागद घेऊन गेलो तर ते इस्पितळाचा झगा घालून खाटेवर बसले होते, शर्टाशिवाय कुणीही दिसतो तसेच साधे. पडदा सरकवून वहिनी आत आली. तोंडावर मास्क नाही, गालात गोळी नाही.

साहेबांनी मुकाट्याने हात पुढे केला.

“बाई, खात्री आहे ना?”

“शंभरात चौतीस जणी तरीही ओकल्या होत्या, साहेब. तुम्ही त्यांच्यातले असू शकता.”

“अहो, जरा धीर तरी द्या!”

“देते की,” ती म्हणाली आणि त्यांच्या मनगटावर त्यांचीच तीन बोटं ठेवून मोजू लागली. मोजता मोजता तिने त्यांना त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, जिन्याखालच्या कपाटांचं विचारलं, माझ्या मोडलेल्या लग्नाचंही सांगून टाकलं. साहेब हसायला लागले. मग त्यांनी डोळे मिटले, जबडा आवळला आणि वाट बघायला लागले. मला माझा अकराव्या वर्षीचा चेहरा आठवला.

वहिनीने कडी चिकटवली आणि सुई दाबली.

“झालं,” वहिनी म्हणाली.

साहेबांनी एक डोळा उघडून मनगटाकडे बघितलं. सुई ताठ उभी होती.

“खरंच?”

“मी उगाच कधी म्हणत नाही,” वहिनी म्हणाली, आणि तिने वीस मिनिटांचं घड्याळ लावलं.